पश्चिमेचं ऊन आणि हरकरे साहेब

हरकरे साहेब कुणाच्याही घरी गेले की चहाच्या आधी एकच प्रश्न विचारायचे, "या घरात सगळ्यात जास्त वेळ कोण बसतं, अन् कुठं बसतं?" नवख्या माणसाला वाटायचं जनगणनेवाले आले. उत्तर मिळालं की साहेब उठून नेमके त्या जागी जाऊन बसत, भिंतीला तळवा लावत, वर छताकडे बघत आणि म्हणत, चहा इथंच द्या. ती जागा बहुतेक वेळा स्वयंपाकघरातला पाट असायची, नाहीतर जिन्याखालची शिलाई मशीन. दिवाणखान्यात आमच्यासाठी मुद्दाम लावलेला एसी रिकाम्या सोफ्याला गार करत बसायचा आणि आम्ही दोघं सरकारी अधिकारी फोडणीच्या धुरात घाम पुसत चहा प्यायचो.

हे सरकारी काम आहे यावर लोकांचा विश्वास बसायचा नाही. त्यांचं काय सांगू, माझाही बसायला फार वेळ लागला.

छत्तीसगड वेगळं झालं तेव्हा आमच्या जबलपूरच्या वीज खात्यातली माणसं वाटणीत निघाली. मग खात्याचेही तुकडे झाले. एवढ्या कापाकापीनंतर काही चिंध्या उरतातच, त्यातली एक मी. त्याच सुमाराला दिल्लीहून नवं धोरण आलं, की घरांनी, दुकानांनी, हॉटेलांनी, दवाखान्यांनी वीज जपून वापरावी. फ्रिजवर आणि एसीवर तारे छापून येऊ लागले, मोठ्या इमारती कशा बांधाव्यात याचे नियम येऊ घातले. त्यासाठी आमच्याकडे एक ऊर्जा बचत कक्ष काढण्यात आला. त्याचे प्रमुख कोण, तर हरकरे साहेब, कारण ते प्रत्येक विभागात अडचणीचे होते. आणि त्यांचा सहायक मी, कारण मी कुठल्याच विभागात कामाचा नव्हतो. हा विनय नाही बाप्पा, माझे सगळे वरिष्ठ यावर एकमतानं बोलायचे.

कक्षाला खोली मिळाली ती जिन्यामागची, बिनखिडकीची. भर दुपारी बाराला ट्यूब लावल्याशिवाय तिथं स्वतःचा हात दिसायचा नाही. साहेबांनी पहिल्या दिवशी दारात उभं राहून ती खोली पाहिली, ट्यूब बंद केली आणि आपलं टेबल सरकवत बाहेर व्हरांड्यात आणलं. मी पंख्याच्या मोहानं काही दिवस आतच बसलो, पण अंधारात एकट्यानं ऊर्जा वाचवायची म्हणजे भुतासारखं वाटू लागलं, म्हणून मीही बाहेर आलो. व्हरांड्यात बसल्यामुळे येणाजाणाऱ्यांना आम्ही चौकशीची खिडकी वाटायचो. पेन्शनवाले कुठं बसतात आणि पिण्याचं पाणी कुठं आहे, हे सांगण्यात आमच्या कक्षाचा बराचसा वेळ सत्कारणी लागला.

साहेब अंगानं काटकुळे, कोपरापर्यंतच्या बाहीचा बुशशर्ट, आणि उन्हाळ्यात डोक्यावर ओला गमछा. त्यांच्या घराण्याबद्दल ते सांगायचे, की आमचे पूर्वज भोसल्यांचे निरोप घेऊन नागपूरहून जबलपूरला आले आणि परत जायचं विसरून गेले. आता मी दिल्लीचा निरोप घेऊन जबलपुरातल्याच गोरखपूर बाजारात फिरतो, दुकानदार मात्र तेव्हाही ऐकत नव्हते, आताही ऐकत नाहीत. स्कूटर ते उताराला बंद करून सोडून देत. मागे मी. ग्वारीघाटाकडच्या उतारावर मी नर्मदामाईचं जितकं नाव घेतलं तितकं प्रत्यक्ष घाटावर कधी घेतलं नसेल.

दुसरी सवय म्हणजे रिकाम्या खोलीतला दिवा दिसला की हात गेलाच. बँक असो, लग्नाचा हॉल असो, साहेब खटके बंद करत पुढे जायचे आणि मी मागून हळूच ते परत लावत जायचो. लोकांचा रोष नको म्हणून. आमच्या कक्षानं एकूण किती वीज वाचवली असं कुणी विचारलं तर मला हा हिशेब आठवून घाम फुटतो.

त्यांचं एक वाक्य होतं. प्रत्येक भाषणात, प्रत्येक घरात, कधी कधी तर भाजी घेता घेता भाजीवालीलासुद्धा ते ऐकवायचे. "उन्हाला दारातच अडवा. एकदा आत आलं का ते पाहुणं राहत नाही, जावई होऊन जाते. मग बसा त्याची सरबराई करत." भिंतीवर, काचेवर पडलेलं ऊन बाहेरच्या बाहेर थांबवलं तर फुकटात काम होतं, आत आल्यावर ते काढायला एसी लागतो आणि एसी म्हणजे जावयाचा पाहुणचार, हे सगळं धोरण त्यांनी या एका वाक्यात बसवलं होतं. मीही त्याच धोरणावर घोषवाक्यं लिहायचो. कक्षात माझं खरं काम तेच. 'बत्ती बुझाइए, भविष्य जगमगाइए' हे माझं. त्याचे फलक गावभर लागले, आणि लोकांना ते रात्री वाचता यावेत म्हणून प्रत्येकावर दोन दोन दिवे सोडण्यात आले.

एकदा मी साहेबांना घरी चहाला बोलावलं. कारण असं, की मी नवा पाच ताऱ्यांचा फ्रिज घेतला होता आणि तो कुणाला तरी दाखवल्याशिवाय मला झोप येत नव्हती. साहेबांनी फ्रिज पाहिला, तारे पाहिले, शाबासकी दिली. मग कान टवकारून म्हणाले की हा तर चालू असल्याचा आवाजही करत नाही, मग घरघर कशाची येऊन राहिली? माझी बायको सुनंदा सरळ स्वभावाची. तिनं मागच्या अंगणाचं दार उघडलं. तिथं आमचा जुना फ्रिज दमेकऱ्यासारखा धापा टाकत होता. आत तीन पाण्याच्या बाटल्या आणि कैरीच्या लोणच्याची बरणी.

साहेबांनी ती बरणी बाहेर काढून हातात धरली. मग म्हणाले, "बोकारे, सरकारनं तुम्हाला जुना सोडून नवा घ्यायला सांगितला. तुम्ही लोणच्याला स्वतंत्र घर करून दिलं."

मी म्हटलं, चालू वस्तू कशी टाकायची साहेब, जीव होत नाही. त्यांनाही माहीत होतं, सगळ्या जबलपुरात हेच चाललंय. नवा आला की जुना मागच्या खोलीत जातो, टाकत कुणीच नाही. ज्यानं दिल्लीत हे धोरण लिहिलं त्याच्या घरी बहुधा मागची खोली नसावी.

मग त्यांनी सुनंदाला तो नेहमीचा प्रश्न विचारला. ती म्हणाली, मीच बसते, स्वयंपाकघरात, आणखी कोण? स्वयंपाकघराची खिडकी पश्चिमेला. तिला मी आतून चांगला जाडजूड मखमली पडदा लावला होता, कक्षात काम करतो म्हणून. साहेबांनी पडदा आणि काच यांच्यामध्ये हात घातला आणि लगेच काढला. मला म्हणाले, तुम्हीही घाला. मी घातला. तंदूर बरा. ऊन काचेतून आत येऊन पडद्यामागं ठाण मांडून बसलं होतं. दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः बांबूची चिक घेऊन आले आणि खिडकीच्या बाहेरून टांगून गेले. सुनंदा त्या दिवसापासून साहेबांची भक्त झाली. माझ्या घोषवाक्यांची ती कधीच झाली नाही.

ऊर्जा बचत सप्ताहाची गंमत तर खात्यात अजून सांगतात. समारंभाची जबाबदारी माझ्यावर. प्रमुख पाहुणे मोठे होते, म्हणून मी इमारतीला गच्चीपासून पायथ्यापर्यंत माळा सोडल्या, मंचावर हॅलोजन लावले, सभागृहाचे पडदे ओढून दुपारची रात्र केली आणि सगळे एसी सोडले. दीपप्रज्वलन झालं. पाहुणे माइकपाशी आले, त्यांनी घसा खाकरला आणि ठप्प. सगळा फेज गेला. अंधारात फक्त समईच्या वाती. इलेक्ट्रिशियन जेवायला गेलेला. मी धरणीमाते पोटात घे म्हणत खांबाआड उभा.

साहेब शांतपणे उठले, त्यांनी खिडक्यांचे पडदे बाजूला केले. हॉलभर उजेड आला. मग माइक नसताना खड्या आवाजात म्हणाले, "आपल्यापैकी कोणी बोलायच्या आधी बिल्डिंगनंच बचत सुरू केली. धन्यवाद द्या बोकारेंना." लोक इतके हसले की पाहुण्यांनाही हसावं लागलं. मला वाटलं होतं आता मेमो. तर साहेबांनी मला बाजूला घेऊन एवढंच विचारलं, की माळा भाड्याच्या आहेत ना, विकत तर नाही घेतल्या?

साहेबांच्या घरी दोनच माणसं, ते आणि त्यांची मुलगी अंजू. अंजू कॉलेजात असतानाच पत्नी गेल्या. त्यानंतर साहेबांनी एकट्यानं तिला सांभाळलं. किती सांभाळलं ते आमच्या व्हरांड्याला माहीत होतं, कारण रोज डबा उघडला की आज अंजूनं काय केलं, अंजू काय म्हणाली, याची एक तरी गोष्ट व्हायचीच. पुढं तिचं लग्न डॉक्टर प्रशांतशी झालं. चांगला मुलगा, हुशार, हात हलका. ती गोरखपुरातच राहायची, साहेबांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. रविवारी जेवायला यायची, आणि येताना घरातले सगळे दिवे लावत यायची, मुद्दाम, बापाला चिडवायला. साहेब तेवढ्या एका माणसाचे दिवे बंद करत नसत.

प्रशांतरावांनी नर्सिंग होम बांधायला काढलं. मुख्य रस्त्यावर, चार मजली, लिफ्ट, एसी, आणि पश्चिमेची सगळी बाजू निळ्या काचेची, कारण रस्ता पश्चिमेला आणि काच असल्याशिवाय दवाखाना आधुनिक वाटत नाही. एवढ्या मोठ्या इमारतीच्या नकाशावर तेव्हा आमच्या कक्षाचा अभिप्राय घ्यायचे. अभिप्राय म्हणजे शिक्का नव्हे, पण शिक्का मारणाऱ्याला एक निमित्त. नकाशा व्हरांड्यात आला, साहेबांनी नाव वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं. मग त्यांचं बोट नकाशावर फिरत फिरत तिसऱ्या मजल्यावर पश्चिमेच्या खोल्यांवर थांबलं. तिथं पेशंट. चोवीस तास पडून असणारी माणसं, न उघडणाऱ्या काचेआड. जनरेटर फक्त ऑपरेशनच्या खोलीला आणि लिफ्टला.

मी साहेबांना खात्यातला जुना रिवाज सुचवला. तुम्ही चार दिवस रजेवर जा, चार्ज माझ्याकडे येईल, मी 'अवलोकनार्थ सादर' असं लिहून फाईल वर सोडतो. त्या दोन शब्दांचा अर्थ आजवर कुणाला कळलेला नाही आणि त्यावर माझी निम्मी नोकरी झाली आहे.

साहेब म्हणाले, "मी रजेवर गेलो तर ऊन रजेवर जाईल काय?"

त्यांनी लिहिलं, पश्चिमेच्या काचेला बाहेरून सावली द्यावी, नाहीतर काच कमी करावी, तोवर मान्यता देऊ नये.

तिसऱ्या दिवशी अंजू व्हरांड्यात आली. मी उठून जायला लागलो तर साहेबांनी हातानंच बसा म्हटलं. ती रडली वगैरे नाही. म्हणाली, बाबा, तिकडे सगळे विचारून राहिले की सख्ख्या सासऱ्यानं काहून अडवलं? सगळ्या शहरात काचा लागतात, कुणाला कुणी विचारत नाही. मी सासरी काय तोंड दाखवू?

साहेबांनी नकाशा तिच्यापुढं केला. "अंजू, या खोलीत सगळ्यात जास्त वेळ कोण राहणार, ते तू सांग. तू सांगितलं की मी आत्ता सही करतो."

अंजूनं नकाशाची घडी घालून तो टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "चलो, ठीक आहे बाबा," आणि गेली. तो रविवार रिकामा गेला, पुढचेही गेले. साहेबांच्या डब्यातल्या गोष्टी संपल्या. आणि आणखी एक झालं. भाषणात ते 'उन्हाला दारातच अडवा' इथवर यायचे आणि थांबायचे. पुढचं जावयाचं वाक्य त्यांच्या तोंडातून येईना. पाण्याचा घोट घ्यायचे आणि दुसऱ्याच विषयावर जायचे. मला ते बघवत नव्हतं, खरंच सांगतो.

अभिप्रायाचं पुढं काय व्हायचं तेच झालं. नियम अजून सक्तीचा नाही, अशी टीप होऊन फाईल वरून फिरून आली आणि काच लागली. उद्घाटनाचं कार्ड साहेबांना कुरिअरनं आलं, इतरांना आलं तसं. ते गेले. मागच्या रांगेत बसले. पाहुण्यांना वाढता वाढता अंजू त्यांच्यापाशी आली, "बाबा, जिलबी घ्या" म्हणाली आणि पुढं गेली. प्रत्येक खोलीत माझं घोषवाक्य फ्रेम करून लावलं होतं. त्याबद्दल मला एक नारळही मिळाला.

पुढच्या मे महिन्यात मी शहराच्या कडेच्या रिछाई औद्योगिक वसाहतीत गेलो. तिथल्या कारखानेदारांना 'उन्हापासून इमारतीचं रक्षण' या विषयावर मी भर दुपारी, उघड्या मैदानात, उघड्या डोक्यानं भाषण दिलं. तिसऱ्या मुद्द्यावर मला ऊन लागलं आणि मी आडवा झालो. लोकांनी उचलून शहरातल्या नव्या दवाखान्यात म्हणून नेलं ते प्रशांतरावांच्याच. तिसरा मजला. पश्चिमेची खोली.

दोनच्या सुमाराला लाईट गेली. एसी बंद, पंखा बंद, काच उघडायची सोय नाही. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याच्या नातेवाइकांनी काचेला आतून वर्तमानपत्रं चिकटवली, कुणी चादर बांधली. आतून. मला माझा मखमली पडदा आठवला. हाताला सलाईन, समोर भिंतीवर 'बत्ती बुझाइए, भविष्य जगमगाइए', आणि बत्ती तर बुझलेलीच. प्रशांतराव धावत वर आले, शर्ट पाठीला चिकटलेला, म्हाताऱ्याची नाडी पाहिली, त्यांचा चेहरा पडला. मला हळूच म्हणाले, काका, बाबांना सांगू नका. मी मान हलवली. पण तोवर सुनंदानं फोन केलेला होता. तिच्या लेखी उन्हावर इलाज करणारा या गावात एकच माणूस.

साहेब सायकल रिक्षातून आले. मागं चिकांच्या गुंडाळ्या, वाळ्याच्या ताट्या, सुंभाचे दोर. आल्या आल्या ते माझ्या खाटेच्या कडेला बसले, काचेला तळवा लावला आणि झटकन काढला. प्रश्न विचारला नाही. सरळ गच्चीवर गेले. थोड्या वेळानं काचेच्या बाहेरून एक चिक हळूहळू खाली उतरताना मला दिसली. म्हाताऱ्याच्या तोंडावरचं ऊन आधी गेलं, मग माझ्या. मग दुसरी उतरली, तिसरी. काचा पुसायला बाहेर एक अरुंद गॅलरी होती, तिचं कायम कुलपात असलेलं दार साहेबांनी उघडायला लावलं आणि दारात वाळ्याची ताटी अडकवली. ताटीवर पाणी मारायला कोण आहे म्हणून मी मान वळवली, तर हातात मग आणि बादली घेऊन अंजू उभी होती. ती कधी वर आली मला कळलं नाही. साहेब बोटानं जागा दाखवायचे, ती तिथं पाणी मारायची.

प्रशांतराव आले आणि ओशाळून म्हणाले, बाबा, तुम्ही कशाला करून राहिले, मी माणसं लावतो ना.

साहेबांनी गमछा पिळला. "राहू द्या, प्रशांतराव. ऊन आत आलंच आहे, तर आता सरबराई सासऱ्यानंच करायची असते."

अंजूच्या हातातला मग थांबला. मग ती हसली, आणि हसता हसताच तिचे डोळे भरून आले. मी भिंतीकडे तोंड केलं, कारण माझेही भरले होते आणि सरकारी माणसानं घोषवाक्याखाली रडू नये. खोलीत वाळ्याचा वास येऊ लागला. म्हाताऱ्यानं पाणी मागितलं.

साहेब आत येऊन माझ्या खाटेवर टेकले. "अंजू," ते म्हणाले, "चहा इथंच दे."

हरकरे साहेब आज नाहीत. त्यांच्या मागं कक्षही राहिला नाही, त्या खोलीत आता जुन्या खुर्च्या ठेवतात. पण मला ते आठवतात ते त्या दुपारचे, तिसऱ्या मजल्यावरच्या पश्चिमेच्या खोलीत बशीत चहा ओतून फुंकर मारणारे. संध्याकाळी लाईट आली, ट्यूब लागली, साहेब उठले. दारात अंजूनं विचारलं, "बाबा, उद्या याल ना?" आणि ते म्हणाले, "उद्या ऊन येणार नाही काय?"

जाता जाता सवयीनं त्यांचा हात खटक्याकडे गेला आणि त्यांनी आमच्या खोलीची ट्यूब बंद केली. मी ती परत लावली नाही. हाताला सलाईन होतं, हे खरं. पण नसतं तरी लावली नसती, असं आपलं मला वाटतं.